अंकल जॅमची पलटण

शाळेच्या मैदानावर शिट्टीच्या तालावर चाललेली कवायत आणि गणपतीच्या मिरवणुकीतला ढोल-ताशा यांत एक गोष्ट अगदी सारखी आहे. ठोका पडतो आणि शेकडो पावलं एकाच क्षणी जमिनीला टेकतात. हुकूम दोन्हीकडे असतो. मैदानावर तो पी.टी.च्या सरांच्या तोंडून येतो, मिरवणुकीत ताशाच्या काड्यांतून. तरी मैदानावर अंग ताठतं आणि मिरवणुकीत तेच अंग सुटतं. 'एक' म्हटल्यावर पाऊल टाकायचं, एवढीच तर आज्ञा आहे. मग शरीर तिला दोन उलट उत्तरं का देतं?

हे कोडं सोडवायला अमेरिकेतली एक जुनी रेकॉर्ड फार उपयोगी पडते. १९७९ साली 'फंकाडेलिक' या कृष्णवर्णीय कलावंतांच्या बँडनं 'अंकल जॅम वॉन्ट्स यू' हा अल्बम काढला. नावाचा अर्थ 'अंकल जॅमला तुम्ही हवे आहात'. आत सैन्यभरतीची हाक आहे, सार्जंटच्या थाटातले हुकूम आहेत, पायदळावर एक गाणं आहे, 'फील्ड मनूव्हर्स' म्हणजे युद्धसरावाच्या नावाचा गिटारचा तुकडा आहे. आणि हे सगळं नाचायला लावणारं आहे. अनेकांना वाटतं की लष्कराचा हा सगळा वेश म्हणजे नुसती सजावट, खरा माल तो ठेका. मला उलट वाटतं. या अल्बमनं लष्कराचं सोंग घेतलं, कारण फंक हे संगीत आणि लष्करी कवायत एकाच यंत्रावर चालतात. बँडप्रमुख जॉर्ज क्लिंटन आणि त्याच्या साथीदारांनी ते यंत्र उघडलं, त्यातला एक भाग बदलला आणि पुन्हा चालू केलं. तो भाग कोणता, हे कळलं की सुरुवातीचं कोडं सुटतं.

दोन पोस्टरं, एक खुर्ची

आधी हा अंकल कोण ते पाहू. अमेरिकन सरकारचं चित्र काढायचं झालं की पांढरी दाढी, तारे लावलेली उंच टोपी घातलेला एक म्हातारा काढतात. त्याचं नाव अंकल सॅम. पहिल्या महायुद्धाच्या वेळी जेम्स माँटगोमेरी फ्लॅग या चित्रकारानं या म्हाताऱ्याला थेट बघणाऱ्याकडे बोट रोखायला लावलं आणि खाली सैन्यात तूच हवास अशी ओळ दिली. १९१७ आणि १९१८ या दोन वर्षांत त्या पोस्टरच्या ४० लाखांहून जास्त प्रती छापल्या गेल्या. ही युक्ती त्याआधी, १९१४ साली, ब्रिटनमध्ये लॉर्ड किचनरचा चेहरा वापरून करून झाली होती. बोट रोखलेलं चित्र कुठूनही बघा, बोट आपल्याकडेच असतं. लाखो लोकांना उद्देशून केलेला हुकूम प्रत्येकाला एकट्याला केल्यासारखा वाटावा, हे त्या चित्राचं काम होतं. 'सॅम'चा 'जॅम' करताना क्लिंटननं फक्त एक अक्षर बदललं. (पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या क्लिंटन यांच्याशी त्याचं नातं नावापुरतंच.) जॅम म्हणजे वादकांनी आधी काही न ठरवता एकत्र बसून वाजवत जाणं, एकानं काढलेल्या कल्पनेला दुसऱ्यानं उत्तर देणं. सरकारचा काका गणवेश देतो. हा काका बैठकीला बोलावतो.

अल्बमच्या कव्हरवर मात्र दुसरंच पोस्टर दिसतं. क्लिंटन तिथे मोराच्या पिसाऱ्यासारखी उंच गोल पाठ असलेल्या वेताच्या खुर्चीत बसलाय. त्या काळच्या अमेरिकेत ही खुर्ची पाहून कोण आठवायचं याबद्दल कुणाला शंका नव्हती. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात १९६६ साली ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी 'ब्लॅक पँथर' पक्ष स्थापन केला. पुढच्याच वर्षी न्यूटनचं एक छायाचित्र काढण्यात आलं: अशाच खुर्चीत, काळं चामडी जाकीट, तिरकी टोपी, एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात भाला. ते छायाचित्र वसतिगृहांच्या आणि चळवळीच्या कचेऱ्यांच्या भिंतींवर देशभर लागलं. आपल्याकडच्या 'दलित पँथर'नं १९७२ मध्ये मुंबईत आपलं नाव ज्या पक्षावरून घेतलं, तो हाच पक्ष.

म्हणजे नाव सरकारी भरतीच्या पोस्टरवरून आणि बैठक सरकारविरोधी चळवळीच्या पोस्टरवरून. ज्या दोन पलटणी एकमेकींवर बंदुका रोखून उभ्या होत्या, त्या दोन्हींचं बोलावणं क्लिंटननं एका कव्हरवर आणलं आणि त्यावर तिसरं बोलावणं लिहिलं. या सैन्याचा शत्रू कोण, तेही कव्हरवर सांगितलंय: नृत्यसंगीतात शिरलेला कंटाळा. त्यातून नृत्यसंगीताची सुटका करायची, ही मोहीम. वाचताना हसू येतं. पण कंटाळा म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न या लेखात पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

पहिल्या मात्रेचं राज्य

फंक कसं चालतं हे समजून घ्यायला तबल्याचं थोडं ज्ञान पुरेसं आहे. तीनतालात १६ मात्रा असतात आणि पहिली मात्रा ही सम. गायक कुठेही भटकून येवो, समेवर सगळे भेटतात आणि श्रोत्यांची मान नकळत हलते. अमेरिकन लोकप्रिय संगीतात बहुतेक ठेके चार मात्रांचे असतात. १९५० च्या दशकापासून रॉक आणि ऱ्हिदम अँड ब्लूजमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असायचा. टाळी तिथे पडायची. जेम्स ब्राउन या गायकानं १९६५ च्या सुमारास हा जोर उचलून पहिल्या मात्रेवर आणून ठेवला. त्याचे वादक या मात्रेला नुसतं 'द वन' म्हणायचे. बूटसी कॉलिन्स हा बेस गिटारवाला १९७० मध्ये अगदी कोवळ्या वयात ब्राउनच्या बँडमध्ये आला, तिथे हा 'एक' शिकला, वर्षभरात बाहेर पडला आणि ती विद्या घेऊन क्लिंटनच्या गोटात सामील झाला. 'एक' पक्का ठेव, मग बाकी काय वाटेल ते कर, असा त्या शिक्षणाचा सारांश.

यातला 'बाकी' हा भाग महत्त्वाचा आहे. प्रत्येक मात्रेचे चार भाग केले तर एका आवर्तनात १६ बारीक जागा होतात. फंकमध्ये कोणतंही वाद्य या सगळ्या जागा भरत नाही. बेस दोन-तीन जागा घेतो, गिटार दुसऱ्या चार जागांवर नुसतं खरडल्यासारखं 'चिक-चिक' करतं, ट्रम्पेट एकाच जागी टोचून जातं, ड्रम मधल्या फटींतून हलके ठोके टाकतो. एकेक वाद्य सुटं ऐकलं तर अर्धवट वाटतं. दुपेडी वेणीचा एकच पेड हातात धरल्यासारखं. एकत्र ऐकलं की घट्ट वीण तयार होते आणि त्या विणीला ते लोक 'ग्रूव्ह' म्हणतात. या विणीत कुणीही मुख्य नसतं. जुन्या नृत्यसंगीतात चाल हा राजा आणि ताल हा सेवक. इथे गाणारासुद्धा तालवाद्यासारखा वागतो, एखादा शब्द फेकतो आणि गप्प बसतो.

या अल्बमचं सर्वांत गाजलेलं गाणं, '(नॉट जस्ट) नी डीप', १५ मिनिटांहून मोठं आहे. त्यात फार घडत नाही, अशी तक्रार पहिल्यांदा ऐकणारा करू शकतो. एकच आवर्तन फिरत राहतं, जाड, रबरासारखा ताणला जाणारा सिंथेसायझरचा बेस त्याखालून वाहतो. असे बेस रुळवण्यात बर्नी वॉरेल हे नाव मोठं. लहानपणापासून पियानोचं रीतसर शास्त्रीय शिक्षण घेतलेला हा माणूस, आणि त्याचं आवडतं हत्यार मिनीमूग, म्हणजे एका वेळी एकच स्वर काढणारा छोटा सिंथेसायझर. ओहायो प्लेअर्स या दुसऱ्या नामांकित फंक बँडमधून आलेला ज्युनी मॉरिसन या काळात क्लिंटनचा उजवा हात होता. आवर्तनावर फिलिपे विन, आधी 'स्पिनर्स' या मंडळीत गाणारा, चर्चमधल्या गाण्याच्या वळणानं आळवत, टाकत, परत पकडत गात राहतो. आपल्या कानाला हे परकं वाटू नये. ठेका लावून ठेवायचा आणि वर बढत करत जायचं, हे आपण ख्यालात रोज ऐकतो. ऑक्टोबर १९७९ मध्ये हे गाणं अमेरिकेच्या सोल संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं.

> चौकट : लागणारे शब्द
> *फंक* हा मुळात कृष्णवर्णीयांच्या बोलीतला, घामट अंगाच्या वासासाठीचा शब्द. सभ्य समाजात न चालणारा तो वासच संगीताचं नाव झाला. *ग्रूव्ह* म्हणजे रेकॉर्डवरची खाच. सुई खाचेत बसते तसं शरीर ज्या ठेक्यात बसतं तो ठेका. *सिंकोपेशन* म्हणजे जिथे ठोक्याची अपेक्षा आहे तिथे शांतता ठेवून दोन मात्रांमधल्या फटीत आघात करणं. *डिस्को* म्हणजे १९७० च्या दशकातलं क्लबमधलं नृत्यसंगीत. त्यात मोठा ढोल चारही मात्रांवर सारखाच वाजतो.

सैन्याला कवायत कशाला लागते

आता यंत्राची दुसरी बाजू. आधुनिक कवायतीचा पाया सोळाव्या शतकाच्या शेवटी नेदरलँड्समध्ये नासाऊच्या मॉरिसनं घातला, असं सहसा मानतात. त्या वेळची तोड्याची बंदूक भरणं फार किचकट होतं. मॉरिसच्या मंडळींनी त्या कामाचे सुटे भाग पाडले. १६०७ च्या सचित्र कवायत-पुस्तकात बंदुकीसाठी चाळीसहून जास्त पवित्रे आहेत. प्रत्येक पवित्र्याला एक हुकूम, प्रत्येक हुकमाला सगळ्यांची एकच हालचाल. हेतू व्यवहाराचा होता: सगळ्यांची बंदूक एकदम सुटावी. परिणाम मात्र हेतूपेक्षा मोठा झाला. भाडोत्री, एकमेकांना अनोळखी, निरनिराळ्या भाषा बोलणारी माणसं रोज तासन् तास एका ठोक्यावर हलली की त्यांच्यात आपलेपणा येतो, हे ध्यानात आलं.

इतिहासकार विल्यम मॅक्नील यांनी १९९५ साली या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. १९४१ मध्ये त्यांना सक्तीनं सैन्यात घेतलं होतं. पुरेशी शस्त्रंही नसलेल्या छावणीत दिवसभर नुसतं पाऊल मिळवत चालायचं. युद्धाच्या दृष्टीनं ते निरर्थक होतं, तरी चालताना आपण फुलून मोठे होतोय असं वाटायचं, हे त्यांना पुढे पन्नास वर्षं कोडं घालत राहिलं. त्यांनी निष्कर्ष काढला की तालात एकत्र हललेले स्नायू माणसांना बांधतात. गावजत्रेतला नाच आणि पलटणीची कवायत यांचं मूळ एकच. पुस्तकाच्या नावातच त्यांनी नाच आणि कवायत शेजारी ठेवली. २००९ मध्ये विल्टरमूथ आणि हीथ या संशोधकांनी साधे प्रयोग करून पाहिले. काही जणांना एका लयीत पावलं मिळवून चालायला लावलं, काहींना आपापल्या चालीनं. नंतरच्या पैशांच्या खेळात पावलं मिळवून चाललेल्यांनी सहकार्य जास्त केलं. तेव्हा 'एका ग्रूव्हखाली एक राष्ट्र' ही कल्पना ऐकायला कितीही स्वप्नाळू वाटली, तरी तिच्या खाली शरीरशास्त्राचा आधार आहे. फंकाडेलिकच्या १९७८ च्या अल्बमचं नाव तेच होतं. अमेरिकन शाळांत मुलं छातीवर हात ठेवून झेंड्याची प्रतिज्ञा म्हणतात. १९५४ मध्ये तिच्यातल्या 'एक राष्ट्र' या शब्दांपुढे 'ईश्वराच्या छायेखाली' असे शब्द घालण्यात आले. क्लिंटननं ईश्वराच्या जागी ग्रूव्ह ठेवला. त्या अल्बमच्या चित्रात काही जण पृथ्वीवर झेंडा रोवताना दिसतात. दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा बेटावर अमेरिकन सैनिकांनी झेंडा उभारला, त्या प्रसिद्ध छायाचित्राचीच ती ठेवण.

इथे एक गोष्ट पुढे यायला हवी, कारण ती नसली तर हे सगळं उसनवारीसारखं दिसेल. अमेरिकन सैन्याची कवायतीची गाणी कृष्णवर्णीयांनीच घडवली. आज सिनेमात धावणाऱ्या तुकडीचा नायक एक ओळ म्हणतो आणि तुकडी उत्तर देते, ती पद्धत १९४४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या फोर्ट स्लोकम इथे रूढ झाली. विली डकवर्थ हा जॉर्जियाकडचा साधा शिपाई. दमून परतणाऱ्या तुकडीत त्यानं स्वतःच ताल धरून हाका द्यायला सुरुवात केली आणि पावलं आपोआप जुळली. अधिकाऱ्यांनी ते पाहिलं आणि सैन्यभर पसरवलं. हाक आणि प्रतिहाक ही रीत शेतावरच्या, रेल्वेचे रूळ ओढतानाच्या आणि चर्चमधल्या गाण्यांतून डकवर्थपर्यंत आली होती. त्याच्याही आधी, पहिल्या महायुद्धात, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या ३६९ व्या कृष्णवर्णीय पायदळाच्या बँडनं जेम्स रीस युरोप याच्या हाताखाली फ्रान्समध्ये मार्चच्या चालींत जॅझ मिसळून वाजवलं आणि तिथल्या लोकांना वेड लावलं. ज्या सैन्यात ही माणसं होती, ते १९५० च्या दशकापर्यंत गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वेगळ्या तुकड्या ठेवत होतं. 'फूट सोल्जर्स', म्हणजे पायदळाचे शिपाई, या नावाचं गाणं फंकाडेलिकनं या अल्बममध्ये घातलं आणि त्याला राष्ट्रगीताच्या नावाचं फंकी शेपूट जोडलं, तेव्हा ते परक्याच्या घरातली वस्तू उचलत नव्हते. आपल्या आज्याची वस्तू घरी आणत होते.

बदललेला भाग

यंत्र एकच, तर निकाल वेगळा का? उत्तर मोकळ्या जागेत आहे. संचलनाच्या तालात फट नसते. डावा, उजवा, डावा, उजवा. प्रत्येक मात्रेवर ठोका, प्रत्येक ठोक्यावर पाऊल. पुढे काय येणार हे शरीराला आधीच ठाऊक असतं आणि त्याला करायला काही उरत नाही. फंक पहिली मात्रा कवायतीइतकीच ठामपणे देतो आणि मग ठोका अपेक्षित असतो तिथे गप्प बसतो. तबल्याच्या तिहाईत हीच गंमत असते. सम हुकते की काय असं वाटून आपण पुढे झुकतो आणि सम आल्यावर सुटकेचा श्वास टाकतो. फंक ही ओढ प्रत्येक आवर्तनात, दर दोन सेकंदांनी लावतो. न वाजलेला ठोका ऐकणाऱ्याचं शरीर स्वतः वाजवतं: कुणी मान हलवून, कुणी खांदा उडवून, कुणी टाच आपटून. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आणि तरी 'एक'वर सगळे हजर.

मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या बाबतीत बोलका आहे. त्यांनी ५० ड्रमचे तुकडे घेतले, त्यांतले बरेचसे खऱ्या फंक गाण्यांतले, आणि प्रत्येक तुकड्यात सिंकोपेशन किती आहे हे मोजलं. मग ६६ लोकांना विचारलं की हे ऐकून हलावंसं किती वाटतं आणि आनंद किती होतो. अगदी सरळ ठेक्यांना गुण कमी पडले. अती गुंतागुंतीच्या ठेक्यांनाही कमीच. मधल्या ठेक्यांना सर्वांत जास्त. आलेख उपड्या वाटीसारखा आला. सरळ ठेक्यात भरायला जागा नाही. फार तुटक ठेक्यात 'एक' कुठे आहे हेच कळत नाही आणि मग भरायचं कशाच्या आधारानं? दोन्ही टोकांना शरीर गप्प होतं. आपल्या ढोल-ताशाचं यशही त्याच मधल्या पट्ट्यात आहे: ढोल खालून ठाम सांगतो, ताशा वरून फटी शोधतो, आणि रस्त्यावरचा माणूस त्यांच्या मधल्या जागेत नाचतो. सुरुवातीच्या कोड्यातल्या मैदानावर ताशाच नव्हता.

यावरून कव्हरवरच्या शत्रूचाही उलगडा होतो. १९७९ पर्यंत डिस्कोच्या नावाखाली कंपन्या साच्यातून काढल्यासारखी गाणी बाजारात ओतत होत्या. मोठा ढोल चारही मात्रांवर, वेग ठरलेला, कसलीच फट नाही. नाचाच्या वेशात आलेलं ते संचलनच होतं. अंकल जॅम ज्या कंटाळ्याविरुद्ध सैन्य उभारतो, तो म्हणजे ऐकणाऱ्याला काही करायलाच न ठेवणारा ताल.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. त्याच वर्षी १२ जुलैला शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानात एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकारानं डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोटानं उडवण्यात आला आणि हजारो लोक मैदानात घुसले. डिस्को वाढला तो समलिंगी, कृष्णवर्णीय आणि लॅटिन लोकांच्या क्लबांत, त्यामुळे त्या रागाला द्वेषाचा वास होता असं अनेक अभ्यासक सांगतात आणि मला ते पटतं. मग दोन महिन्यांनी डिस्कोविरुद्ध मोहीम काढणारा क्लिंटन त्याच जमावात जाऊन बसला का? नाही. जमावाला नाचच नको होता. क्लिंटनच्या पलटणीला तो परत हवा होता. 'नी डीप' हे शेवटी नृत्यगृहात वाजण्यासाठीच केलेलं गाणं आहे, टाळीसकट, स्थिर वेगासकट. डिस्कोच्या क्लबांत ते सहज वाजलं असतं. त्यांनी डिस्कोच्या चार सरळ ठोक्यांच्या आत फटी पाडल्या. जाळणं आणि दुरुस्त करणं यांत फरक करता यायला हवा.

गंमत आणि राजकारण

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. न्यूटनची खुर्ची ही रक्त सांडलेल्या चळवळीची खूण होती. शिकागोतला पँथर नेता फ्रेड हॅम्पटन ४ डिसेंबर १९६९ ला पोलिसांच्या छाप्यात झोपेतच मारला गेला, वय २१. अमेरिकेची गुप्तचर यंत्रणा पक्ष पोखरत होती हे पुढे उघड झालं. १९७९ पर्यंत पक्ष नावापुरता उरला होता. अशा वेळी त्या खुर्चीत बसून नाचाची भरती करणं म्हणजे हुतात्म्यांच्या प्रतिमेचं खेळणं करणं नाही का? या प्रश्नाला मी हलकं समजत नाही. पण क्लिंटनची आधीची कामं पाहिली तर त्याच्या खेळकरपणाला धार असते हे दिसतं. त्याच्याच 'पार्लमेंट' या जोडबँडनं १९७५ मध्ये 'चॉकलेट सिटी' काढला. हे नाव कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या वॉशिंग्टनचं, आणि त्या शहराला शतकभरानंतर स्वतःचा महापौर निवडायचा हक्क नुकताच मिळाला होता. त्या गाण्यात व्हाइट हाउस नव्या रंगात कल्पिलंय: मुष्टियोद्धा मुहम्मद अली राष्ट्राध्यक्ष, गायिका अरेथा फ्रँकलिन 'फर्स्ट लेडी' म्हणजे राष्ट्राध्यक्षपत्नी, विनोदी नट रिचर्ड प्रायर शिक्षणमंत्री, गायक स्टीव्ही वंडर ललित कलांचा मंत्री. राष्ट्राध्यक्ष म्हणून अलीची निवड पाहा. १९६७ मध्ये व्हिएतनामसाठी भरती व्हायला नकार देऊन त्यानं आपलं विश्वविजेतेपद गमावलं होतं. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची शिक्षा रद्द केली. अंकल सॅमचं रोखलेलं बोट ज्यानं बाजूला सारलं, त्यालाच क्लिंटननं सर्वोच्च सेनापती केलं.

तमाशातल्या वगात सोंगाड्या राजाच्या दरबारात उभा राहून राजाचंच काढतो, आणि लोक आधी हसतात, मग एकमेकांकडे पाहतात. त्या जातीचं हे काम आहे. क्लिंटननं खुर्चीची टिंगल केली नाही. ती रिकामी होत चालली होती, तिला पुन्हा लोकांपुढे मांडली. ज्या १५-१६ वर्षांच्या मुलानं १९७९ मध्ये ती रेकॉर्ड विकत घेतली, त्याला न्यूटन प्रत्यक्ष आठवण्याचं कारण नव्हतं. कव्हर पाहून कुणीतरी मोठ्यानं त्याला सांगितलं असेल की ही बैठक कुणाची.

तिसरा आक्षेप तालाबद्दलच आहे आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. एका ठोक्यावर हललेली माणसं जर एक होत असतील, तर हुकूमशहांच्या संचलनातही होतातच. मग ग्रूव्हच्या एकीवर विश्वास का ठेवायचा? ताल स्वतः भला-बुरा नसतो हे कबूल करायला हवं. फंकच्या घरातही सत्ता होती. जेम्स ब्राउन चुकलेल्या स्वरासाठी वादकांना दंड करायचा. क्लिंटनचे मूळ साथीदार फझी हॅस्किन्स, कॅल्विन सायमन आणि ग्रेडी थॉमस १९७७ मध्ये भांडून बाहेर पडले. मोकळी जागा संगीतात होती म्हणून ती हिशेबाच्या वहीतही होती असं म्हणता येत नाही. तरीही रचनेतला फरक खरा आहे. फट नसलेल्या तालात जो एक जण वेगळा हलतो तो चुकतो आणि लगेच दिसतो. फट असलेल्या तालात वेगळं हलणं हाच ताल पुरा करण्याचा मार्ग आहे. संचलनातून एक माणूस काढला तर रांग तीच राहते. ग्रूव्हमधून नाचणारा काढला तर न वाजलेला ठोका न वाजलेलाच राहतो.

जागा भरणारे

या रचनेची खात्री पुढच्या पिढीनं करून दिली, तीही प्रत्यक्ष कामातून. सॅम्पलिंग म्हणजे जुन्या रेकॉर्डचा तुकडा कापून नव्या गाण्याखाली फिरवत ठेवणं. १९८० च्या दशकात यंत्रं स्वस्त झाली आणि रॅप गाणाऱ्यांनी फंकाडेलिकचे अल्बम अक्षरशः खाणीसारखे खणले. त्यांना तिथे चाल नको होती. बोलायला जागा असलेला ठेका हवा होता. रॅपनिर्माता डॉक्टर ड्रेनं 'नी डीप'चा माल कॅलिफोर्नियाच्या रॅपमध्ये आणला. त्याच्याही आधी, १९८९ मध्ये, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या 'डी ला सोल' या तीन पोरांनी त्या १५ मिनिटांतला एक तुकडा उचलला आणि 'मी मायसेल्फ अँड आय' हे गाणं केलं. त्याच्या व्हिडिओत एक वर्ग भरलाय. रॅपवाल्यांनी कसे कपडे घालायचे, गळ्यात काय अडकवायचं, उभं कसं राहायचं याची शिकवणी चालू आहे, आणि ही तीन मुलं त्यात बसत नाहीत म्हणून सगळे त्यांच्यावर हसतायत. ठेका अंकल जॅमच्या पलटणीचा आणि त्यावर सांगितलेलं म्हणणं असं की आम्ही तुमचा गणवेश घालणार नाही. तेही गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं.